पाण्यात सोडलेला वास

चार दिवस झाकून ठेवलेल्या आंबट मक्याच्या बादलीचं झाकण उघडलं की शेजारी उभा असलेला माणूस आपसूक दोन पावलं मागे सरकतो. कॅटफिश या मिशाळ माशाला गळाने पकडण्याच्या नादी लागलेल्यांना मात्र त्या दर्पाचं कौतुक असतं. कुणाची बादली जास्त घाण मारते यावर काठावर चढाओढ चालते. या कौतुकात एक साधी गोष्ट विसरली जाते. तो दर्प आपल्या नाकाला हवेतून येतो आणि मासा हवेत राहत नाही. हवेत उडणारी द्रव्यं वेगळी, पाण्यात विरघळणारी वेगळी. नाक मुरडायला लावणारी बादली माशांना बोलावेलच, असं त्यामुळे सांगता येत नाही.

आधी शब्द पक्के करू. गळाला लावतो ते आमिष. गळाशिवाय मोकळा पाण्यात टाकतो तो चारा. आमिष माशाने गिळायचं असतं, म्हणून ते घसघशीत हवं. चाऱ्याने फक्त वाट दाखवायची असते. मासा त्या वाटेने चालत यावा, जवळ येईपर्यंत त्याची भूक चाळवलेली राहावी आणि तोंडात जाण्याजोगी पहिली मोठी वस्तू आपल्या गळाची असावी. चाऱ्यानेच त्याचं पोट भरलं तर आपण अन्नछत्र उघडलं, मासेमारी केली नाही. बादलीभर चारा ओतूनही हात हलवत परतणाऱ्यांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

या माशाच्या अंगावर खवले नसतात. कातडी उघडी आणि त्या उघड्या कातडीभर चव टिपणाऱ्या रुचिकलिका पसरलेल्या. मिशांवर त्यांची दाटी सर्वांत जास्त. जेल अटेमा यांनी १९७१ साली बुलहेड या उत्तर अमेरिकी कॅटफिशवर केलेल्या अभ्यासात २५ सेंटिमीटरच्या माशाच्या बाह्यांगावर पावणेदोन लाखांच्या आसपास रुचिकलिका असल्याचं सांगितलं. माणसाच्या तोंडात त्या काही हजार असतात. म्हणजे हा मासा जवळजवळ पोहणारी जीभच. त्याआधी १९६७ मध्ये बार्डाक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की वासाची इंद्रियं निकामी केली तरी बुलहेड केवळ चवीच्या आधारे उगमापर्यंत पोचतात.

ही जीभ नेमकी कशाची चव घेते? १९७५ मध्ये जॉन कॅप्रिओ यांनी चॅनल कॅटफिशच्या मिशीतल्या मज्जातंतूंचा प्रतिसाद मोजला. ॲलनीन, आर्जिनीन यांसारख्या अमिनो आम्लांना, म्हणजे प्रथिनांच्या घटकांना, तो एका लिटरमध्ये अब्जांश मोल किंवा त्याहूनही कमी प्रमाणात मिळत होता. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर एक ग्रॅम ॲलनीन सुमारे एक कोटी दहा लाख लिटर पाण्यात विरघळवावं लागेल. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असे चार तलाव भरूनही पाणी उरेल. मज्जातंतू जागा झाला म्हणजे मासा लगेच वळून निघाला असं नव्हे, हे खरं. तरीही चाऱ्यात किती माल हवा याचा अंदाज बांधायला हा आकडा पुरे आहे. माल थोडा चालतो. तो विरघळला मात्र पाहिजे.

म्हणून तेलाबद्दल इथेच बोलून टाकू. माशाचं तेल, बडीशेपेसारख्या वासाचं तेल, आणखी कसली कसली तेलं चाऱ्यात सढळ हाताने ओतली जातात. तेल पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे ते वर येऊन तरंगतं. मासा तळाशी आणि तवंग पृष्ठभागावर. थंड पाण्यात चरबी थिजते, मग तर ती कणांतून सुटतही नाही. तेल वापरायचंच असेल तर कोरड्या कोंड्यात आधी नीट मुरवावं, किलोला एखादा मोठा चमचा, त्याहून जास्त नाही. कोंड्याच्या कणांबरोबर थोडं तरी खाली जातं. आम्ही ते सरळ वगळतो.

आंबवलेलं धान्य चालतं यामागे जादू काही नाही. सूक्ष्मजीव पिष्टाची आम्लं करतात, प्रथिनांचे तुकडे पाडून त्यांतली काही अमिनो आम्लं मोकळी करतात, आणि दाणा मऊ पडल्याने त्याचा रस तासन्‌तास झिरपत राहतो. कोरड्या दाण्यात हेच सगळं कुलूपबंद असतं. कोरडं धान्य पाण्यात टाकणं तर चूकच. मासा किंवा पाणपक्षी ते खातो आणि दाणा त्याच्या पोटात फुगतो.

वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली घ्यावी. आंब धातूला खाते, त्यामुळे पत्र्याची नको. त्यात सात किलो मका किंवा गहू. धान्य फुगून सुमारे दीडपट होतं, म्हणून बादली काठोकाठ भरायची नाही. दाण्यांच्या वर दहा सेंटिमीटर राहील एवढं पाणी, पाव किलो साखर आणि चहाचा एक चमचा यीस्ट. अख्ख्या मक्याचं साल जाड असतं, आंब आत शिरायला वेळ लागतो. घाई असेल तर दाणे भरडून घ्यावेत किंवा अर्धा तास उकळावेत. उकळल्यावर अंगभूत जिवाणू बहुतेक मरतात, म्हणून पाणी कोमट होऊ द्यावं आणि मगच यीस्ट घालावं. वाफाळत्या पाण्यात टाकलेलं यीस्ट मरतं. मग चार दिवस बुडबुडे का येत नाहीत म्हणून बादलीकडे बघत बसावं लागतं. जुन्या बादलीतलं वाटीभर आंबट पाणी राखून ठेवलं असेल तर तेही विरजण म्हणून चालतं.

झाकण ठेवायचं, दाबून बसवायचं नाही. आंबताना कर्बवायू सुटतो. घट्ट झाकण एक तर फुगून उडतं किंवा उघडणाऱ्याच्या तोंडावर फवारा मारतं, आणि तो वास कपड्यांतून दोन धुण्यांतही जात नाही. बादली सावलीत ठेवावी. पंचवीस ते तीस अंश तापमानाला तीन ते पाच दिवस लागतात, वीसच्या खाली आठवडा किंवा अधिक. दुसऱ्या दिवशी न विसरता डोकवावं, कारण दाण्यांनी पाणी पिऊन पातळी खाली गेलेली असते. वरचे दाणे उघडे पडले की त्यांच्यावर बुरशी धरते. पाण्यावरचा पातळ पांढुरका पापुद्रा काढून टाकला की झालं. हिरवी, काळी किंवा गुलाबी लव दिसली तर मात्र सगळी बादली बाद. वरचा थर काढून खालचं वापरू, हा विचार करू नये. बुरशीची विषं खालपर्यंत उतरलेली असू शकतात.

दाणा दोन बोटांत दाबल्यावर सहज चिरडला, बुडबुडे मंदावले आणि वास शिरक्याच्या वळणाचा आंबट आला की चारा तयार. कुजलेल्या मांसासारखा किंवा नासक्या अंड्यासारखा दर्प आला तर आंबण्याची हद्द ओलांडून सडणं सुरू झालं आहे. या दोन्हींत फरक करत नाहीत अशीच माणसं जास्त. पण कॅटफिश सडकं खाऊन जगतो ही समजूत त्याच्यावर अन्याय करणारी आहे. तो मेलेलं खातो. ताजं मिळालं तर तो ते आधी खातो.

मांसाच्या चाऱ्यात हीच गोष्ट आणखी कडक लागू होते. माशांची डोकी, आतडी, रक्त, कलेजी हे सगळं चांगलं काम करतं, पण बर्फात ठेवलेलं ताजं असेल तर. सेंटिमीटरभराचे तुकडे करावेत. माशांचे अवशेष शक्यतो त्याच पाण्यातल्या माशांचे असावेत, कारण परक्या पाण्यातल्या मांसाबरोबर रोगजंतू आणि परजीवी येतात. एक भाग हे तुकडे, दोन भाग गव्हाचा कोंडा आणि गोळा बांधण्यापुरती चिकणमाती. पाणी एकदम ओतायचं नाही. शिंपडायचं, कालवायचं, पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, कारण कोंडा उशिरा पाणी पितो. आत्ता बरोबर वाटलेलं मिश्रण पाव तासाने भुसभुशीत झालेलं असतं. मग पुन्हा थोडं पाणी.

संत्र्याएवढा गोळा करून भरल्या बादलीत सोडून पाहावा. तळ गाठेपर्यंत तो अखंड राहायला हवा आणि पाच ते दहा मिनिटांत सुटायला लागायला हवा. फेकतानाच फुटला तर पाणी कमी पडलं. अर्ध्या तासानेही दगडासारखा बसून राहिला तर माती जास्त झाली किंवा जोर लावून मळला गेला. वाहत्या नदीसाठी थोडा घट्ट, उथळ संथ पाण्यासाठी सैल. ही चाचणी सोपी आहे, आणि ती टाळणाऱ्यांचे गोळे दुसऱ्या काठाच्या माशांना जेवू घालतात.

इथपर्यंत पाककृती झाली. ती नीट जमणारे पुष्कळ असतात. खरं कसब त्यापुढे लागतं, पाणी वाचण्यात.

विरघळलेलं द्रव्य स्थिर पाण्यात आपोआप पसरायला किती वेळ घेतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पाणी अजिबात हललं नाही तर अमिनो आम्लाचा रेणू दिवसभरात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकतो. वास दूरवर नेतो तो प्रवाह. ताशी पाऊण किलोमीटरहून थोडा कमी, म्हणजे सेकंदाला वीस सेंटिमीटर हा अगदी मंद प्रवाह. तरीही तो वास मिनिटाला बारा मीटर पुढे नेतो. अर्ध्या तासात साडेतीनशे मीटरपेक्षा लांब पट्टा तयार होतो. हा पट्टा पंख्यासारखा रुंद पसरत नाही, धुराच्या बारीक रेषेसारखा तुटत-जुळत जातो. मासा तो पट्टा ओलांडतो, चव लागते, हरवते, पुन्हा लागते. तो प्रवाहाकडे तोंड करून वर सरकू लागतो.

यावरून गळ कुठे असावा ते ठरतं. मासा प्रवाहाच्या खालच्या बाजूने वरच्या बाजूला येतो. त्याला आधी गळ भेटावा, चाऱ्याचा ढीग नंतर. म्हणून आमिष चाऱ्याच्या खालच्या अंगाला दोन-तीन मीटरवर पडलं पाहिजे आणि त्याच रेषेत. दोन काठ्या असतील तर दुसरी दहा मीटर खाली. चाऱ्याच्या वरच्या अंगाला पडलेलं आमिष वासाच्या वाटेवर नसतंच. बाजूला चार मीटर सरकलेलं असलं तरी जवळपास तीच गत.

मोकळे दाणे टाकताना आणखी एक हिशेब असतो. समजा दाणा सेकंदाला दहा सेंटिमीटर बुडतो, पाणी तीन मीटर खोल आहे आणि प्रवाह सेकंदाला तीस सेंटिमीटर आहे. तळ गाठायला दाण्याला तीस सेकंद लागतील आणि तेवढ्यात तो प्रवाहाबरोबर नऊ मीटर पुढे गेलेला असेल. पायाशी टाकलेला चारा पायाशी पडत नाही. प्रवाह मोजायला घड्याळ आणि वाळकी काडी पुरते. दहा मीटर अंतर काडीला किती सेकंदात कापता येतं ते पाहावं. तळाशी वेग पृष्ठभागापेक्षा कमी असतो, त्यामुळे प्रत्यक्षात दाणा या हिशेबापेक्षा थोडा अलीकडे पडेल. प्रवाह जोरात असेल तर मोकळे दाणे विसरावेत आणि चारा नळीत भरावा. दहा सेंटिमीटर व्यासाचा, चाळीस सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना टोप्या, अंगाला आठ-दहा मिलिमीटरची तीस-चाळीस भोकं, आत दीड किलोचा दगड आणि बाहेर मजबूत दोरी. भोकं याहून मोठी पाडली तर पहिल्या दहा मिनिटांत पाइप रिकामा होतो. जाळीची पिशवीही चालते, फक्त ती खोडात अडकते आणि ओढताना फाटते. मग प्लॅस्टिक नदीत राहतं.

चाऱ्याचा गोठवलेला ठोकळा ही कल्पना सुंदर आहे, कारण तो वितळत वितळत हळू सुटतो. पण बर्फ तरंगतो, हे पहिल्यांदा करणारा हमखास विसरतो. ठोकळा वर येऊन वाऱ्याबरोबर निघून जातो आणि मागे कोणता मासा चालला आहे याचा पत्ता लागत नाही. दोन लिटरच्या ठोकळ्यात गोठवतानाच किलोभराचा दगड घालावा, दोरीसह.

तलावात प्रवाह दिसत नाही, म्हणून तिथे चारा चालत नाही असं नाही. वारा पृष्ठभागाचं पाणी एका काठाकडे ढकलतो. ते पाणी तिथे साचून राहू शकत नाही, तळाकडून उलट परततं. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिथे तळाशी टाकलेला चारा या परतीच्या प्रवाहाने तलावाच्या मध्याकडे वास नेतो. वारा अंगावर घेत बसावं लागतं, फेक जड जाते, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी फडफडते, म्हणून लोक पाठीला वारा घेतात. सोय बघितली की वासाची दिशा उलटी होते.

उन्हाळ्यातल्या खोल, संथ पाण्याची एक वेगळी अडचण आहे. वर कोमट थर, खाली थंड थर, आणि दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या थरातला प्राणवायू संपत जातो. तिथे चारा पोचवला तरी मासा फार वेळ थांबू शकत नाही. खोल तेच चांगलं हा समज अशा वेळी रिकाम्या हाताने घरी पाठवतो. मध्यम खोलीचा उतार, बुडालेली झाडं, पाणी येऊन मिळतं ती तोंडं, वळणावरच्या डोहाची वरची कड, अशा जागांवर चारा टाकावा. मासा आधीच जिथून जातो तिथे वास पोचवणं सोपं. जिथे तो कधी जात नाही तिथे त्याला ओढून आणणं फार अवघड.

किती टाकायचा? सुरुवातीला किलो-दीड किलो. अर्धा तास थांबावं. मग दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक मूठ, एवढंच. पहिल्यांदा लहान मासे येतात, तंगूस सारखा थरथरतो आणि आमिष टोचून टोचून संपतं. लोक या वेळी कंटाळून आणखी चारा ओततात. उलट करायला हवं. चारा थांबवावा, आमिष मोठं आणि कडक करावं, बारक्या तोंडात न मावणारं. बारक्यांची गडबडही उपयोगी पडते. पाण्यातली कंपनं कॅटफिश दुरून टिपतो. त्याच्या वायुकोशाची, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीची, कंपनं कानापर्यंत नेणारी बारीक हाडांची साखळी असते, तिचं वर्णन वेबर यांनी १८२० सालीच केलं. आणि वेल्स हा युरोपी कॅटफिश पूर्ण अंधारात केवळ भक्ष्याच्या मागे राहिलेल्या पाण्याच्या खुणेवरून त्याचा माग काढतो, हे २००१ मध्ये प्रयोगाने दिसलं आहे. मासोळ्यांनी वळवळ केली तर ती आपल्याच वतीने दिलेली हाक समजावी.

पाऊण तासात काहीच हललं नाही तर जागा बदलावी. म्हणून दोन ठिकाणी चारा टाकून ठेवणं शहाणपणाचं. एक जागा गळाखाली, दुसरी विसाव्याला. सलग काही दिवस जाता येणार असेल तर रोज ठरल्या वेळी त्याच ठिकाणी अर्धा किलो टाकावा आणि गळ टाकायच्या आदल्या दिवशी खंड पाडावा. सवय लागलेला मासा रिकाम्या पोटी येतो.

सगळे कॅटफिश सारखे वागत नाहीत, हे चाऱ्याच्या जाहिराती सांगणार नाहीत. चॅनल कॅटफिश आंबट दाण्यांवर तुटून पडतो. ब्लू कॅटफिशला ताज्या माशाचे तुकडे अधिक पटतात. फ्लॅटहेड जिवंत मासा शोधतो, धान्याची अख्खी बादली ओतली तरी तो फारसा हलत नाही. त्याच्यासाठी चाऱ्याचा उपयोग एवढाच की लहान मासे जमतात आणि त्यांच्या मागे तो येतो. पाणी गार असताना सगळ्यांचंच पचन मंदावतं. दहा अंशांच्या खाली उन्हाळ्यातल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शावर यावं.

आता गळाबद्दल थोडं. चाऱ्याच्या चवीशी आमिषाची चव जुळलेली असावी, निदान एका वासाची. आंबट मक्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं कलेजीचं आमिष हा साधा आणि चांगला जोड. तंगुसाला वजन म्हणून लावलेलं शिसं प्रवाहात जागेवर टिकेल इतकं जड असावं, त्यापुढे तंगूस तीस ते साठ सेंटिमीटर. फार लांब ठेवला तर आमिष फिरून चाऱ्याच्या रेषेबाहेर जातं. गोल वळलेला सर्कल गळ असेल तर हिसका देऊ नये. काठी वाकली की सावकाश ताण वाढवत न्यावा, गळ ओठाच्या कोपऱ्यात स्वतःच बसतो. हिसका दिला की तोंडातून सुटून येतो. मासा हातात घेताना छातीच्या आणि पाठीच्या परांचे काटे सांभाळा. ते काटे ताठ उभे राहून अडकतात, आणि बेसावध हात त्यावर पडला तर सगळी संध्याकाळ सुजलेल्या बोटात जाते.

चारा टाकण्यावर पुष्कळ पाण्यांवर बंदी किंवा मर्यादा असते. काही ठिकाणी धान्य चालतं, मांस चालत नाही. कुठे एकूण वजनावर कमाल ठरलेली असते. जाण्याआधी त्या पाण्याचे नियम वाचावेत. बंदी नसली तरी लहान तळ्यात हात आखडता घ्यावा. न खाल्लेला चारा तळाशी कुजतो, कुजताना प्राणवायू खातो आणि मागे नत्र, स्फुरद सोडून जातो. उष्ण, वारा नसलेल्या पहाटे तळ्यातला प्राणवायू आधीच सर्वांत कमी असतो. त्यावर पाच किलो सडकं धान्य म्हणजे ज्यांना बोलवायचं त्यांचाच श्वास कोंडणं.

बादलीत उरलेला चारा पाण्यात रिकामा करून येऊ नये. दोन दिवसांत पुन्हा जायचं असेल तर दाणे पाण्याखाली राहतील असं भरून, झाकण सैल ठेवून सावलीत ठेवावा. नसेल जायचं तर फूटभर खोल खड्ड्यात पुरून वर माती घट्ट दाबावी, नाहीतर कुत्री उकरतात. मांसाचा चारा ठेवण्याच्या भानगडीत पडू नये, त्याच दिवशी पुरावा. बादली आधी थंड पाण्याने, मग साबणाने धुवावी. गरम पाणी पहिल्यांदाच ओतलं तर रक्त आणि पिष्ट प्लॅस्टिकला चिकटून बसतं. त्यानंतर झाकण न लावता दिवसभर उन्हात उलटी ठेवावी.